कावेरीकाठचं बिनचुलीचं घर

कुंभकोणमला लोक देवळांसाठी जातात. मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा चुली मोजायला गेले. त्यामुळे गोपुरं, तलाव आणि मंडप यांचं वर्णन वाचायच्या आशेनं कुणी हे हातात घेतलं असेल तर त्यांनी आताच खाली ठेवावं. देवळं मी पाहिली, पण येता-जाता, बसच्या खिडकीतून. जे जवळून पाहिलं ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

पहिल्यांदा गेले ती ऐंशीच्या दशकात. मद्रासच्या एका ख्रिस्ती कॉलेजात तेव्हा मदतकार्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. पूर, वादळ, आग, दुष्काळ असं काही आलं की माणसांना काय द्यायचं, कुणाला आधी द्यायचं, विहिरीत औषध किती टाकायचं, छावणीत संडास कुठे खणायचे, हे सगळं तिथे शिकवत. मी साताऱ्याकडची, तलाठ्याची मुलगी. हे शिकायला मद्रासला जाते म्हटल्यावर वडील म्हणाले, पूर आला की धावायचं असतं, त्यात शिकायचं काय? आईला वेगळीच काळजी. ख्रिस्ती कॉलेज, मुलगी बाटून परत येते की काय. मी बाटले नाही. सकाळच्या प्रार्थनेला मात्र रोज हजर राहिले, कारण त्यानंतरच नाश्ता मिळायचा.

आमच्या थॉमस सरांनी अर्धं आयुष्य छावण्यांत काढलं होतं. बोलणं कमी, कामाला कडक. त्यांचा पहिला धडा चुलीचा. घरं मोजू नका, माणसं मोजू नका, चुली मोजा, असं ते सांगत. मदत येणार म्हटलं की एका घराची तीन घरं होतात. मधे साडी टांगतात आणि म्हणतात आम्ही वेगळे. पण रोजचा स्वयंपाक लपत नाही. तेव्हा एक चूल, एक कुटुंब, मदतीचं एक कार्ड. चूल खरी की काल मांडलेली, हे ओळखायची त्यांची रीत होती. राखेत बोट खुपसायचं. रोज पेटणाऱ्या चुलीची राख खाली दबून बसलेली असते, उसनी आणलेली भुसभुशीत लागते. मागच्या भिंतीवरच्या काजळीवर बोट ओढायचं. जुनी काजळी तेलकट असते, सहजी निघत नाही. वर्गातल्या पोरी नाक मुरडायच्या. मला हा धडा फार आवडला. दप्तर म्हणजे दप्तर आणि नोंद म्हणजे नोंद, असं ऐकतच मी वाढले होते.

पापनाशम्

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला ईशान्येकडून येणाऱ्या पावसात कावेरीच्या एका फाट्याचा बांध फुटला आणि इन्नंबूरच्या पलीकडच्या काही वस्त्यांत पाणी शिरलं. कॉलेजनं छपरांसाठी बांबू-झावळ्या, शिवाय भांडी आणि तांदूळ पाठवायचं ठरवलं आणि यादी करायला आम्हा विद्यार्थ्यांना वस्त्या वाटून दिल्या. माझ्या वाट्याला एक वस्ती आली, तीन आठवड्यांसाठी. तमिळ मला भाजी घेण्यापुरतं येत होतं. पण कुंभकोणमला एक मराठी घर आहे, ते तुला ठेवून घेतील आणि दुभाषाही मिळेल, असं सर म्हणाले. मराठी घर, आणि इतक्या खाली? मला वाटलं कुणी बदलीवर आलेले बँकवाले असतील.

गाडीत मी अशी गाढ झोपले की कुंभकोणम मागे गेलं आणि पापनाशमला जाग आली. हातात वळकटी आणि फॉर्मांचा गठ्ठा घेऊन उतरले. नवी छत्री गाडीतच राहिली हे गाडी गेल्यावर कळलं. फलाटावर विड्याची पानं विकणारी एक बाई बसली होती. तिनं माझ्याकडे बघून सगळं ओळखलं. माझा गठ्ठा स्वतःच्या टोपलीवर ठेवला, मला बसथांब्यापर्यंत नेलं, आणि वाटेत हाताच्या खुणांनी विचारून घेतलं की लग्न झालं का, भाऊ किती, आणि गळ्यात काहीच कसं नाही. आमच्याकडे अनोळखी बाईला हे प्रश्न दुसऱ्या भेटीत विचारतात. इथे पहिल्या दहा मिनिटांत. बस सुटताना तिनं माझ्या हातात दोन पानं कोंबली. ती कोवळी, पातळ पानं मी बसमध्ये नुसतीच चघळली.

दोन्ही बाजूंना भातखाचरं होती. काही हिरवीगार, आणि मधेच काही अशी की ताटात वाळू सांडावी. पूर कुठून गेला ते एवढ्यावरून कळत होतं.

कुंभकोणम्

ते घर बँकवाल्यांचं नव्हतं. ते रघुनाथरावांचं होतं. त्यांचे पूर्वज इथल्या मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच झाले. स्वतः रघुनाथराव शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, कपाळावर उभं गंध, अंगात पांढरा सदरा. दारातच म्हणाले, "यावें बाई. वाट चुकलांत काय? आम्हीं दोन गाड्या पाहिल्या." मी बघतच राहिले. अशी मराठी मी फक्त वडिलांच्या दप्तरातल्या जुन्या कागदांत पाहिली होती, आणि ती हा माणूस तमिळ हेल काढून बोलत होता. मी भराभर काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी आतल्या बाजूला वळून बायकोला तमिळमध्ये सांगितलं की मुलगी चांगली आहे, पण मराठी जरा घाईची आहे. हे त्यांनी मला नंतर स्वतःच हसत सांगितलं.

त्यांच्या पत्नीला, तुळसाबाईंना, मी काकू म्हणू लागले. स्वयंपाकघरात पारोशानं गेलेलं त्यांना चालत नसे, त्यामुळे पहिले दोन दिवस मी उंबऱ्यावर उभी राहून कॉफी घेतली. पितळी वाटी-पेल्यातली ती कॉफी हातभर उंचीवरून ओतून गार करायची असते. मी पहिल्याच दिवशी निम्मी अंगावर सांडली. काकूंनी दुसरी आणून दिली, आणि पुढचे तीन आठवडे माझी कॉफी त्या स्वतःच ओतून गार करत. सकाळी दारात तांदळाच्या पिठाची कोलम काढत, तीही ओल्या अंगणात, एका रेषेत, हात न उचलता. आपली रांगोळी माणसांसाठी असते. ही मुंग्यांच्याही पोटात जाते, असं काकूंचं म्हणणं.

एका रविवारी दोघांनी मला बसनं नाचियार्कोविलला नेलं. तिथे घराघरात पितळी समया ओततात. नदीच्या बारीक मातीत साचा दाबतात, वरून वितळलेल्या पितळेचा रस ओततात, आणि मग माणूस पाय पसरून दिवसभर कानस घेऊन बसतो. एका कारागिरानं कोपऱ्यात ठेवलेल्या समया दाखवल्या. पाण्यानं साच्याची माती बिघडली आणि रस कुठे कुठे पोचलाच नव्हता. आता काय करणार विचारलं तर म्हणाला, वितळवायच्या, पुन्हा ओतायच्या. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. धंद्यातच धरलेलं होतं.

वस्ती

वस्तीचं नाव लिहीत नाही. लहान जागा आहे, माणसं ओळखू येतील. बांधाच्या पोटाशी तीस-चाळीस मातीची घरं, वर विणलेल्या झावळ्यांची छपरं. पुरुष भाताच्या कामाला जातात, बायका नदीकाठच्या गवताच्या चटया विणतात. पाणी ओसरून दोन आठवडे झाले होते, तरी सगळ्याला कुजक्या गवताचा वास होता. दुभाषे म्हणून रघुनाथराव धोतर वर खोचून पुढे, मी मागे. पहिल्याच दिवशी खाचराच्या बांधावरून घसरले आणि कमरेपर्यंत चिखलात बसले. वस्तीभर हसू पिकलं. त्यानंतर मला कुणी परकं मानलं नाही, हे त्या घसरण्याचं पुण्य.

काम मी जोरात सुरू केलं. दारात उभं राहायचं, वाकून आत जायचं, चूल बघायची, राखेत बोट, भिंतीवर बोट, मग लिहायचं. पाण्यानं राख वाहून गेली होती, पण लोकांनी चुली पुन्हा मांडल्या होत्या आणि भिंतीवरची काजळी कुठे जात नाही. तिसऱ्या दिवशी मी पहिली खोटी चूल पकडली. बाप-लेकांनी मधे साडी टांगली होती आणि लेकाच्या बाजूची राख पिठासारखी उडत होती. अशा एकूण चार पकडल्या. पकडलेली माणसंसुद्धा लाजून हसत, आणि रघुनाथराव म्हणत, "बाई, तुमचें बोट पोलिसांत हवें." मला कोण आनंद. संध्याकाळी काकूंना रंगवून सांगायचे.

कण्णम्माचं घर मुरुगन आणि सेल्वम या तिच्या दोन लेकांच्या घरांमधे होतं. तिघांच्या भिंती वेगवेगळ्या, मधे बोळ. तिचं घर म्हणजे एकच खोली, पण दार फणसाच्या लाकडाचं, वस्तीत दुसरं तसं नव्हतं. आत जमिनीवर चटईचा माग मांडलेला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मागच्या बाजूची भिंत पाण्यानं फुगली होती आणि छप्पर अर्धं गेलं होतं. साठीच्या पुढची ती बाई भिजलेलं गवत उन्हात पसरत होती. मी आत वाकून पाहिलं. चूल नव्हती. मांडलेली, मोडलेली, कसलीच नाही. भिंतीवर काजळीचा ठिपका नाही.

रघुनाथरावांनी विचारून सांगितलं ते असं. नवरा गेला तेव्हा पंचांसमोर वाटणी झाली. आई महिन्याचे पहिले पंधरा दिवस थोरल्याकडे जेवील, पुढचे पंधरा धाकट्याकडे. पण ही खोली आणि माग तिचा. जेवून ती इथे येते, इथे विणते, इथे झोपते. कण्णम्मानं मला कळावं म्हणून हातानं पोट आणि पाठ दाखवली आणि ते रघुनाथरावांनी मराठीत आणलं. "पोट लेकांकडे आहे, पाठ माझ्या घरीं आहे."

आपल्याकडेही आई-बाप महिने वाटून घेतात. पण आपल्याकडे म्हातारी गाठोडं घेऊन या लेकाकडून त्या लेकाकडे जाते. हिनं स्वतःचं दार राखलं होतं. मला ती बाई आवडली, हे खरंच सांगते. आणि मी फॉर्म मिटला.

रघुनाथरावांनी विचारलं, लिहिलंत ना? मी म्हटलं, चूल नाही, कार्ड नाही. ती दोन्ही घरांत जेवते, दोन्ही घरं यादीत आहेत, तिचं पोट त्यांच्यात धरलं आहे. ते म्हणाले, पोट धरलंत, छप्पर कुठे धरलंत? मी म्हटलं, काका, नियम मी केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेत त्यांनी हळूच सुचवलं की कण्णम्मानं तीन विटा मांडाव्यात, लेकाच्या चुलीतली राख घालावी, आणि मी त्या दिवशी राखेत बोट घालू नये. असं माझ्या तोंडावर सांगायचं म्हणजे कमाल होती. पण त्याआधीच त्यांनी ते तिलाही विचारलं होतं आणि तिनं नाही म्हटलं होतं. का, ते तिनं माझ्यासमोर पुन्हा सांगितलं. बांबू आणि झावळ्यांसाठी मी विटा मांडल्या तर उद्या सगळी वस्ती बोलेल की लेक आईला जेवायला घालत नाहीत. जिवंत लेकांच्या आईनं वेगळी चूल पेटवली म्हणजे ते तोंड दाखवायच्या लायकीचे राहत नाहीत. माझे लेक घालतात. घालतात तर मी खोटी चूल का दाखवू?

आज कळतं की सगळ्या वस्तीत माझ्या नियमाला पुरून उरलेली ती एकटी खरी बाई होती. त्या दिवशी मला एवढंच कळलं की ती स्वतःच नको म्हणते आहे. मला हायसं वाटलं.

यादीचा दिवस

थॉमस सर तपासणीला आले. माझी वही घेऊन ते वस्तीत फिरले, कुठलंही घर निवडायचं, आत जायचं, स्वतः राखेत बोट घालायचं. दहा घरं पाहिली, दहाही बरोबर. बांधावर उभं राहून त्यांनी वही मिटली आणि म्हणाले की इतक्या वर्षांत इतकी स्वच्छ यादी त्यांनी पाहिली नाही. माझे कान तापले. वडील तिथे असते तर, असं मनात आलं.

मग सरांनी विचारलं, "यादीबाहेर कुणी राहिलं आहे का?"

प्रश्न इंग्रजीत होता, पण रघुनाथरावांना इंग्रजी येत होतं. ते माझ्या शेजारीच उभे होते. कण्णम्माचं अर्धं छप्पर तिथून दिसत होतं. मी म्हटलं, "नाही सर."

मी खोटं बोलले असं मला त्या क्षणी वाटलं नाही. नियमाप्रमाणे कुणीच राहिलं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. शाबासकी नुकतीच हातात पडली होती, आणि राहिलंय म्हटलं असतं तर ती थोडी कमी झाली असती. इतकं क्षुल्लक कारण होतं. त्याहून मोठं काही असतं तर मी आज स्वतःला थोडं तरी समजून घेतलं असतं.

 परतताना बसमध्ये रघुनाथरावांनी मला नेहमीसारखी खिडकीची जागा दिली.

दोन दिवसांनी बांबू, झावळ्या, भांडी आणि तांदूळ आले. मुरुगन आणि सेल्वमची छपरं नवी झाली. नंतर दोन दिवस पाऊस लागला. मी निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेले तर कण्णम्माची मागची भिंत बसली होती. फणसाचं दार चौकटीसकट उभं होतं आणि त्याच्या मागे मातीचा ढीग. ती मागाच्या काठ्या काढून थोरल्याच्या पडवीत नेत होती. पडवी अरुंद, माग तिथे पसरणार नव्हता, हे मलाही दिसत होतं. मी एक काठी उचलून दिली. तिनं काही मागितलं नाही. मी मनाशी ठरवलं की मद्रासला गेल्याबरोबर सरांना सांगायचं.

सांगितलं नाही. वर्गात माझी वही नमुना म्हणून फिरत होती. पुढे परीक्षा आली, मी पहिली आले, आणि मग सांगण्यासारखं काही उरलं नाही असं मी मानून घेतलं.

पुन्हा कुंभकोणम्

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पुन्हा गेले, तेव्हा त्याच कॉलेजात तोच विषय शिकवत होते. थॉमस सर निवृत्त झाले होते. पुन्हा पावसानं त्या भागात नुकसान केलं होतं आणि मी आठ विद्यार्थी घेऊन निघाले. या वेळी झोपले नाही, कुंभकोणमलाच उतरले. तमिळही आता मला चांगलं येत होतं.

तुळसाबाई गेल्या होत्या. रघुनाथरावांना नीट दिसत नव्हतं, पण आवाज तोच. कॉफी त्यांच्या सुनेनं दिली आणि मी ती न सांडता प्यायले. पहिल्या वेळी मी ती सांडली होती हे रघुनाथरावांना आठवत होतं. कण्णम्मा आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आहे. तुम्हीं स्वतः जाऊन पहावें, बाई. मी येतों."

वस्तीत आता बरीच घरं विटांची होती. मुरुगन आणि सेल्वम यांच्या घरांमधे बोळ नव्हता आणि खोलीही नव्हती. दोघांनी आपापल्या भिंती पुढे घेतल्या होत्या, अगदी एकमेकींना चिकटवून. त्यात कुणाचं वाईट मन नव्हतं. मातीचा ढीग पडून होता, पोरं वाढली, जागा लागली. फणसाचं दार सेल्वमच्या घराला लागलं होतं.

घर गेल्यावर कण्णम्माला पाठही लेकांकडे न्यावी लागली. दर पंधरवड्याला गाठोडं उचलून ती इकडून तिकडे जायची. माग पसरायला जागा नव्हती म्हणून विणणं थांबलं. बसून खाते, हे मग सुनांच्या डोळ्यांवर येऊ लागलं. एकदा ती धाकट्याकडे आजारी पडली आणि पंधराचे चाळीस दिवस झाले. त्यावरून दोन घरांत असं भांडण लागलं की बरी झाल्यावर ती कुणाकडेच गेली नाही. नदीच्या पायऱ्यांजवळच्या जुन्या मंडपात जाऊन राहिली. हे मला वाटेत रघुनाथरावांनी सांगितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून चालताना. मी मधे एकदा म्हटलं, काका, हे माझ्यामुळे झालं. त्यांनी नाही म्हटलं नाही.

ती मंडपात चटईच्या काठाला गाठी मारत बसली होती. लहान चटई, देवासमोर बसायला घेतात तेवढी. तिनं मला ओळखलं. चिखलात पडलेली अम्मा, असं म्हणून हसली. तिच्या मागे, खांबाच्या आडोशाला, तीन विटा होत्या आणि त्यांच्यावर मडकं चढवलेलं होतं.

मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं की तेव्हा मी तुझं नाव लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, चुकले. ती म्हणाली, तू पाहिलंस तसं लिहिलंस. मी म्हटलं, नाही, सरांनी विचारलं तेव्हा शाबासकी कमी होईल म्हणून मी तुझं नाव घेतलं नाही. हे तिला नीट कळलं की नाही कोण जाणे. तिनं फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग मी फॉर्म काढला. या वेळी एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी वेगळी मदत होती, विटांची लहान खोली बांधून मिळणार होती. अट एकच, जेवण स्वतःचं, चूल वेगळी. ती अट मीच पुन्हा छापून घेतली होती. माझ्या विद्यार्थ्यांना मी राखेत बोट घालायला शिकवलं होतं. इथे राखेत बोट घालायचीही गरज नव्हती. खांब वरपर्यंत काळा झाला होता.

मी सांगितलं, तुझ्या नावावर खोली मिळेल. ती म्हणाली, कुठे? माझ्या जागेवर? मी म्हटलं, तिथे जागा राहिली नाही, पण बांधाच्या पलीकडे मिळेल. ती बराच वेळ गाठी मारत राहिली. मग तिनं विचारलं, त्या कागदावर चुलीचं काय लिहिशील?

मी म्हटलं, "वेगळी चूल, एक."

"तसं लिहू नकोस, अम्मा," ती म्हणाली. "वस्तीला ठाऊक आहे, ते मी बंद करू शकत नाही. पण कागदावर नको. मुरुगन आणि सेल्वम मला पाळीपाळीनं जेवायला घालतात, असं लिही."

तसं लिहिलं तर खोली मिळणार नाही, हे मी तिला दोनदा, सावकाश, समजावून सांगितलं. तिला ते पहिल्या वेळीच समजलं होतं. मी रघुनाथरावांकडे पाहिलं. ते खांबाला टेकून नदीच्या दिशेला तोंड करून बसले होते, आणि या वेळी त्यांनी मला काहीच सुचवलं नाही. मंडपात दुसरं कुणी नव्हतं. वेगळी चूल लिहून तिला खोली मिळवून दिली असती तर तिला तो कागद वाचताही आला नसता. हे माझ्या मनात आलं. पण मग मी पुन्हा एकदा तिला न विचारता तिचं ठरवलं असतं.

मी तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं. जेवणाच्या रकान्यात लिहिलं, दोन मुलगे, पाळीपाळीनं. चुलीच्या रकान्यात शून्य घातलं. तिनं ते शून्य बोटानं दाखवायला लावलं आणि मग मान हलवली.

भात शिजला होता. तिनं मडकं विटांवरून उतरवलं, पानावर भात वाढला, वर पातळ ताक घातलं आणि पान माझ्यापुढे सरकवलं. मी ते सगळं जेवले.